अंड्यावर येणाऱ्या तलंगांना लेअर मॅश लगेच सुरू करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो. शेडमध्ये ४० ग्रामप्रिया जातीच्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आहेत, २२ आठवड्यांच्या. त्याच शेडमध्ये पाच कोंबडे आणि गेल्या वर्षीच्या काही गावरान कोंबड्याही आहेत. तलंगांचे तुरे लालभडक झालेत, दोघी-तिघी जवळ गेलं की पंख पसरून खाली बसतात. परवा पहिलं अंडं मिळालं, पण कवच इतकं पातळ की उचलताना अंगठा लागला तिथं खळगा पडला.

आत्तापर्यंत ग्रोवर मॅश (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) आणि सोबत घरची ज्वारी देतेय. खाद्याचे दुकानदार म्हणतात, आजच लेअर मॅशवर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यावर) आणा. शेजारचे काका म्हणतात, सगळ्या अंड्यावर यायच्या आधी लेअर दिलं तर मूत्रपिंडं खराब होतात. पिशवीवर बघितलं तर ग्रोवरमध्ये कॅल्शियम साधारण १ टक्का आणि लेअरमध्ये साडेतीन ते ४ टक्के. एवढा फरक असल्यावर काकांचं खरंच वाटतं. शिवाय कोंबडेही तेच खाणार. वेगळं शेड करायला सध्या जागा नाही. काय करू? आणि ज्वारी चालू ठेवू का? आपल्याकडची मालदांडी घरात भरपूर आहे, म्हणून विचारते. उन्हं चढल्यापासून खाणंही कमी झालंय. या पाखरांवर घरखर्चाची बरीच भिस्त आहे, जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, काकांचं बरोबर आहे. अंडं न देणाऱ्या पक्ष्याला जादा कॅल्शियम बाहेर टाकावं लागतं आणि तो ताण मूत्रपिंडावर येतो. पण ज्या अंड्यावर आल्यात त्यांचीही आबाळ नको. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते हाडांतून काढते.

तुमच्यासारख्या मिसळ कळपाला सोपा उपाय म्हणजे खाद्य सध्या ग्रोवरच ठेवा, प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास आहेत एवढं बघा, आणि कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम भरून ठेवा. जिला गरज ती आपणहून खाते, कोंबडे सहसा फिरकत नाहीत. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर घ्या, पीठ नको. कवच मुख्यतः रात्री तयार होतं, आणि जाड खडा पोटात सावकाश विरघळत रात्रभर पुरतो. संध्याकाळी भांडं रिकामं राहू देऊ नका. बहुतेक तलंगा अंडी द्यायला लागल्या की लेअर मॅश सुरू करा, तोवर कोंबड्यांना, म्हणजे नरांना, जाळी मारून का होईना पण बाजूला काढा.

मालदांडी बंद करू नका, पण संध्याकाळी मूठ-मूठ टाकण्यापुरतीच ठेवा. ज्वारीत प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम नावालाच. तिच्यावर पोट भरलं की मॅश कमी खाल्लं जातं.

उन्हाचंही मनावर घ्या. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ पडतं, खाद्य कितीही चांगलं असो. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी दुपारी दोनदा तरी बदला, पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा टाका. पहिली काही अंडी पातळ येतातच, तेवढ्यानं घाबरू नका. शिंपला सुरू करूनही दोन-तीन आठवड्यांत कवच सुधारलं नाही, तर पशुवैद्यकांना दाखवा.