‘कोल्ड टर्की’चा काट्याशी संबंध नाही

व्यसन अचानक, पूर्णपणे सोडण्याला इंग्रजीत ‘कोल्ड टर्की’ म्हणतात. नशा सुटताना अंगावर काटा येतो, कातडी पिसं काढलेल्या टर्की पक्ष्यासारखी दिसते, म्हणून हे नाव, असं सांगितलं जातं. हेरॉइन सोडताना काटा येतो हे खरं, पण कालक्रम जुळत नाही. अमेरिकेत ‘टॉक टर्की’ म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणं, हे एकोणिसाव्या शतकापासूनचं. पुढे ‘कोल्ड टर्की’ला ‘थेट, पूर्वतयारीशिवाय’ असा अर्थ आला. व्यसनाच्या संदर्भातला वापर १९२१ च्या कॅनडातल्या वर्तमानपत्रात सापडतो, तो त्यानंतरचा. मला हीच व्युत्पत्ती सयुक्तिक वाटते.

मराठीत त्यासाठी ‘पाणी सोडणे’ हा प्रतिशब्द मात्र नको. दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून तो आला. त्यात हक्क सोडणं आहे, तडकाफडकीपणा नाही. ‘एका झटक्यात सोडणे’ नेमकं बसतं.

आणि कृपया व्यसन असं अचानक सोडण्याचा उपाय सरसकट सुचवू नका. तंबाखू अशी सोडता येते. त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने अचानक थांबवली, तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. बरेच दिवस घेतलेल्या बेंझोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. त्यांचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावा लागतो.