आधी इंग्रजी, मग एमएस्सी?

एकांनी लिहिलंय की विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांनी आधी इंग्रजी सुधारावं, मग पर्यावरण-आरोग्यातल्या एमएस्सीचं बघावं. नाही पटलं. मी सोलापुरात बीएस्सीला शिकवतो. पूर्व भागातल्या एका मुलीला घराखालच्या मागांचा आवाज मोबाइलवर मोजायला लावला. आकडा नव्वद डेसिबलच्या वर. मोबाइलचं मोजमाप कच्चंच, म्हणून कॉलेजातल्या मीटरशी ताडून बघितलं, आणि 'कॅलिब्रेशन' म्हणजे काय ते तिला तिथंच कळलं. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे हे वाचून म्हणाली, "सर, म्हणून बाबा टीव्ही एवढा मोठा लावतेत काय!"

सुताच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार, सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळणं, हे तिला पुस्तकाआधी आजोबांकडून ठाऊक होतं. इंग्रजी येतं हो मागून. संख्याशास्त्र मात्र दुसऱ्या वर्षापासूनच पक्कं करून घ्या.

आता कामाचं. गेटला, म्हणजे अभियांत्रिकी-विज्ञानातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला, २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि घोडं इथंच पेंड खातं. पहिल्या बाकावरच्या दोघांपलीकडे आपण कुणाला नावानं ओळखतो? शिवाय उन्हाळ्यात या पोरी आईबरोबर विड्या वळतात. फेलोशिपला गेल्या की तो रोजगार बुडतो, त्याचा हिशेब घरी जाऊन आईशीच बोलावा लागतो. मी दोनदा गेलो, एकदाच जमलं.