माळरानं झाकून मिळणारी वीज हिरवी म्हणायची का?

रानवाट्या:
सौरऊर्जेला माझा विरोध नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कोळशाचा दलाल ठरेन. माझं भांडण जागेवरून आहे. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. राजस्थानातलं २२४५ मेगावॉटचं भडला सौर पार्क सुमारे १४,००० एकरांवर आहे. आपल्याकडेही कंपन्यांची नजर माळावरच. सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य, असा शेरा लागला की जमीन मेली असं धरतात. त्याच पोटखराब्यात धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, खोकड बीळ करतं, लांडगा फिरतो, धनगरांची मेंढरं चरतात. कुंपण पडलं की सगळे बाहेर. वर सौर प्रकल्पाला ईआयएची, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासून दिली जाणारी, मंजुरीही लागत नाही. का नाही?

चंद्रपुरी:
धाविकाचं कौतुक आहे हो, पण जरा इकडे राहायला या. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र शेजारी असलं की दोरीवरचे कपडे झटकून घडी घालावी लागते. कोळशाच्या एका युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड, शिवाय राख, शिवाय पाणी. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते एक-दोन वर्षांत परत देतं आणि पुढे २५ वर्षं चालतं. ताडोबाभोवतीच्या खाणी नकाशावर बघा, मग माळाबद्दल बोलू.

रानवाट्या:
खाणी मी कुठे मागितल्या? आधी छपरं भरा, एमआयडीसीतल्या शेड भरा, एवढंच म्हणणं. पॅनलपेक्षा तिथली वीज वाहून नेणाऱ्या तारा वाईट. माळढोक जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून समिती नेमली. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट.

बोअरवाला:
माळ सोडा, विहिरीत डोकवा. सौरपंपाला बिल नाही, म्हणजे सूर्य असेतो पंप चालू. आमच्या शिवारात ऊस वाढला आणि बोअर खोल गेले. ह्याला पर्यावरणपूरक म्हणायचं?

गव्हाची पाळी:
@बोअरवाला, दादा, तुम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला गेलायत का? थंडीत, बिबट्याच्या भीतीने? दिवसा पाणी देता येतं हे माझ्यासाठी फार मोठं आहे. आणि उपसा तर फुकट विजेच्या घोषणांनी आधीपासूनच वाढवलाय. ठिबक सक्तीचं करा, पंपाला शिव्या कशाला?

बोअरवाला:
ठिबकाचं मान्य. पण पंप मंजूर करताना जमीन किती ते बघून अश्वशक्ती ठरते. खाली पाणी किती उरलंय तेही बघा की.

भंगारशास्त्री:
कचऱ्याचं कोणी बोललंच नाही. पॅनलमध्ये बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची चौकट भंगारवाला हसत नेतो. उरलेलं, म्हणजे सिलिकॉन, थोडी चांदी, डाखाचं शिसं, चिकट प्लास्टिकच्या थरात अडकलेलं असतं आणि ते सोडवणं परवडत नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनल आली खरी, पण उत्पादकांनी कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा, एवढंच. गारपिटीत फुटलेली आज कुठे जातात?

चंद्रपुरी:
ती निदान मोजता येतात. आमच्या राखेचे तलाव एकदा बघून जा.

रानवाट्या:
येतो. पण ईआयएच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही.