कल्पना आहेत, परवडत नाहीत
कल्पनाच संपल्यात म्हणून सोनीच्या प्रत्येक एक्सक्लुझिव्हमध्ये, म्हणजे खास प्लेस्टेशनसाठी काढलेल्या गेममध्ये, तोच दाढीवाला बाप नि तोच स्किल ट्री (हिरोची कौशल्यं वाढवत नेण्याचा तक्ता), असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टवरच्या खटल्यात सोनीचे कागद नीट न झाकताच बाहेर आले. त्यात 'लास्ट ऑफ अस पार्ट २'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा २१.२ कोटी दिसला. एवढा पैसा ओतल्यावर वेगळं काही करायची छाती कोणाची होणार? पण फॉर्म्युला म्हणजे हमी, असंही नाही. चालू ट्रेंड पकडून आलेला सोनीचाच ऑनलाइन शूटर गेम 'कॉनकॉर्ड' दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबर २०२४ ला बंद पडला. योगायोग बघा, त्याच दिवशी सोनीचाच, छोट्या रोबोटचा 'ॲस्ट्रो बॉट' आला. साठ-पासष्ट जणांची टीम, तीन वर्षांचं काम, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम!

बाकी आपण गिऱ्हाईकही काही कमी नाही. कॅम्पातल्या नेहमीच्या दुकानात पाच हजारांची नवी डिस्क घेताना मीही ओळखीचंच नाव उचलतो. नाही आवडली तर एक्सचेंजला निम्मेसुद्धा येत नाहीत. 'ॲस्ट्रो बॉट' मात्र तिथल्या जुन्या मालात मला अजून दिसलेला नाही.