क्लोज राउंडला १०-१० द्यायला जजचं काय जाते?

तर्री_पोहे
मंडळी एक गोष्ट कोणी नीट समजावून सांगा. समजा बॉक्सिंगची तीन राउंडची फाईट आहे. पहिल्या राउंडमध्ये लालवाल्या पोट्ट्यानं समोरच्याला कोपऱ्यात घेऊन धू धू धुतला पण तो काही खाली पडला नाही, जजनं दिले १०-९ (जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ). पुढचे दोन राउंड असे की कोण जिंकलं हे त्या दोघांच्या मायलाही सांगता येणार नाही, पण कोणाला तरी द्यावंच लागते म्हणून जज निळ्याला देते, १०-९ आणि परत १०-९. टोटल २९-२८ निळा. म्हणजे ज्यानं खरोखर मारलं तो बॅग भरून घरी आणि ज्यानं दोनदा केसभर जास्त केलं (ते पण केलं की नाही देव जाणे) त्याचा हात वर. मी म्हणतो राउंड खरंच सारखा वाटला तर सरळ १०-१० लिहून मोकळं व्हा न, त्यात लाज कशाची?

डावा_हूक
भाऊ तुझी तक्रार बरोबर आहे पण पत्ता चुकून राहिला. क्लोज आणि एकतर्फी राउंड वेगळे मोजायची सोय अमॅच्युअरच्या (ऑलिम्पिकवाल्या बॉक्सिंगच्या) नियमात आलेली आहे. २०१३ पासून तिथं पण प्रोसारखी (पैशासाठी लढतात त्या बॉक्सिंगसारखी) दहा पॉइंटची पद्धत आहे, १०-९ म्हणजे क्लोज राउंड, १०-८ म्हणजे स्पष्ट जिंकलेला, १०-७ म्हणजे समोरच्याला काही करूच दिलं नाही. त्यासाठी नॉकडाऊन (ठोशानं खाली पडणं) झालाच पाहिजे असं नाही, तो प्रोचा हिशोब आहे. म्हणजे तुझा पहिला राउंड १०-८ व्हायला पाहिजे होता, मग टोटल २८-२८, आणि टाय झाला की जजला विनर सांगावाच लागते, तिथं पहिला राउंड आठवून तो लालला देऊ शकते.

आता प्रश्न असा की जज १०-८ देतात काहून नाही. मी मानकापूरला पोट्ट्यांना शिकवतो आणि लोकल टूर्नामेंटला जजच्या खुर्चीवर पण बसलो आहे, म्हणून सांगतो, तिथं डोक्यात एकच असते की बाकी चार जज काय देऊन राहिले. मी एकट्यानं १०-८ दिला आणि चौघांनी १०-९, तर नंतर मलाच विचारणार. म्हणून हात आपोआप नऊवर जाते. नियम आहे पण वापरायची हिंमत नाही.

१०-१० मला नाही पटत. अमॅच्युअरमध्ये प्रत्येक राउंडला विनर द्यावाच लागते, प्रोमध्ये १०-१० चालते पण तिथंही नाकं मुरडतात, आणि बरोबरच आहे. एकदा सूट दिली की जरा शंका आली की १०-१०, जरा लक्ष हललं की १०-१०. तीन मिनिटांत कोणाचे ठोसे साफ लागले, कोणी आपल्या मनासारखी फाईट चालवली, हे निवडायलाच तर बसवलं आहे तुले.

बर्डीवाला
म्हणूनच म्हणतो पॉइंट मोजायची जुनी मशीन बरी होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून २०१२ च्या लंडनपर्यंत चालली, ठोसा लागला की बटन दाबा, पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत दाबलं की पॉइंट. पुढे मोजायची रीत थोडी बदलली पण मुद्दा तोच, लागला तर लागला. यात आताच्या नियमातले "वर्चस्व" न "स्पर्धात्मकता" असले शब्द नव्हते. वर्चस्व म्हणजे काय तर जजला जो आवडला तो.

डावा_हूक
@बर्डीवाला अबे लंडनचंच तर आठव. आपला विकास कृष्णन अमेरिकेच्या एरोल स्पेन्सविरुद्ध १३-११ नं जिंकला, आपण इकडं फटाके फोडून मोकळे, आणि काही तासांनी रिव्ह्यू झाला की विकासनं तिसऱ्या राउंडमध्ये नऊ वेळा होल्डिंग केलं (समोरच्याला धरून ठेवलं), दुसऱ्यात माउथगार्ड मुद्दाम थुंकला, रेफरीनं वॉर्निंग द्यायला पाहिजे होती. स्पेन्सला चार पॉइंट, १५-१३, विकास बाहेर. त्याच ऑलिम्पिकमध्ये सुमित सांगवान १५-१४ नं हरला ब्राझीलच्या फाल्काओकडून, आपला प्रोटेस्ट फेटाळला. दोन्ही मशीनवरचेच निकाल बरं का.

आणि मशीनच्या काळात पोट्टे बॉक्सिंग विसरले होते. बरगडीवरचा ठोसा जजला दिसत नाही म्हणून कोणी बॉडीला मारतच नव्हतं. चार ठोशांचं कॉम्बिनेशन मारलं तरी तेवढ्या वेळात बटन एकदा दाबलं जायचं. मग काय, लांबून टुक टुक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), एक पॉइंट, पळ, परत टुक. त्या काळात शिकलेले पोट्टे पाहिले की कळते, हात पोचते पण वजन जात नाही.

बर्डीवाला
मान्य आहे टुक टुक. पण मशीन आली कशामुळे ते पण सांग की. सोल ऑलिम्पिक १९८८, अमेरिकेच्या रॉय जोन्सनं फायनलला कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, खाल्ले ३२, आणि ३-२ नं हरला. वरतून त्यालाच स्पर्धेतला बेस्ट बॉक्सर म्हणून कप दिला 😂 तुमच्या "हिंमतवान" जजचा नमुना.

गणित_मास्तर
सगळे १०-९ वर भांडून राहिले पण बेरीज कशी होते तिकडं कोणाचं लक्ष नाही. टोकियो ऑलिम्पिक, जुलै २०२१, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट वॅलेन्सिया. पहिला राउंड वॅलेन्सियाला ४-१ (म्हणजे पाचपैकी चार जजनी तिला दिला). दुसरा मेरीला ३-२. तिसरा मेरीला ३-२. निकाल वॅलेन्सिया ३-२. लोक म्हणाले दोन राउंड जिंकून हरली कशी, हा तर दरोडा आहे.

आता कागद घ्या. तीन राउंड, पाच जज, पंधरा चौकटी. वॅलेन्सियाच्या चार, दोन, दोन म्हणजे आठ. मेरीच्या सात. राउंड मोजले तर मेरी २-१, चौकटी मोजल्या तर वॅलेन्सिया. आणि नियमात या दोन्हीपैकी काहीच मोजत नाहीत, प्रत्येक जजचं कार्ड वेगळं टोटल होते, मग पाच कार्डांचं मतदान होते. कोणी चोरी केली नाही, फक्त तिन्ही पद्धतींचं उत्तर सारखं येईलच असं नाही, आणि क्लोज फाईटमध्ये नेमकं ते वेगळं येते. आपल्या अल्फिया पठाणनं २०२१ ला पोलंडला यूथ वर्ल्डची फायनल ५-० नं मारली, तिथं कशीही बेरीज करा, निकाल तोच.

माझं मत विचाराल तर राउंडनिहाय बहुमत घ्यावं. प्रोमधली कॅनेलो आणि गोलोव्किनची फाईट, सप्टेंबर २०१७ घ्या. एक जज ११५-११३ गोलोव्किन, एक ११४-११४, आणि तिसऱ्या जज अ‍ॅडलेड बायर्डबाईंचं कार्ड ११८-११० कॅनेलो. म्हणजे त्यांनी बारापैकी दहा राउंड कॅनेलोला दिले! निकाल ड्रॉ. राउंडनिहाय बहुमत असतं तर बाईंचं एकटीचं मत त्या त्या राउंडपुरतं बाजूला पडलं असतं, अख्ख्या फाईटवर बसलं नसतं.

जुना_पंखा
गणित_मास्तरांचं वाचून मजा आली. तर्री भाऊ, तुम्हाला बारीक माप पाहिजे न, इंग्रजांनी ते करून पाहिलं आहे. मार्च १९७१, लंडन, हेन्री कूपर आणि जो बग्नर. पंधरा राउंड, राउंडला जास्तीत जास्त पाच पॉइंट, जज नाहीच, रेफरी एकटाच मार्क देणार, अर्धा पाव सगळं चालायचं. रेफरी हॅरी गिब्सनं फाईट संपल्यावर बग्नरचा हात वर केला, ७३¾ विरुद्ध ७३½. पाव पॉइंट! अहो पाव पॉइंटनं कूपरची टायटलं गेली, तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही, आणि तिकडची जुनी मंडळी गिब्सला कायम शिव्या घालत राहिली. माप कितीही बारीक करा, ते धरणारा हात माणसाचाच.

तर्री_पोहे
पाव पॉइंट 🙏 हे माहीतच नव्हतं. पण मास्तर, तुमच्या बहुमतात एक गोची आहे. लालला पहिला राउंड ५-० आणि निळ्याला पुढचे दोन ३-२, ३-२. चौकटी लालच्या नऊ, निळ्याच्या सहा. तरी तुमच्या हिशोबानं निळा जिंकला २-१. म्हणजे आधी एका जजच्या कार्डावर जो अन्याय होता तो तुम्ही पाचही जणांवर नेऊन ठेवला.

गणित_मास्तर
बरोबर पकडलं. म्हणून मी ते फक्त बारा राउंडच्या प्रो फाईटसाठी मागतो, तिथं तीनच जज असतात आणि एक वाकडा बसला की वाट लागते. १९९९ ला लुईस-होलिफील्डच्या पहिल्या हेवीवेट फाईटला तेच झालं, लुईसनं पाचवा राउंड होलिफील्डला नुसता कुटला आणि एका जजबाईंनी तोच राउंड होलिफील्डला दिला, फाईट ड्रॉ. अमॅच्युअरमध्ये पाच जज आणि तीनच राउंड, तिथं पंधरा चौकटींची सरळ बेरीज मला जास्त पटते. हो, त्यात पण मेरी हरतेच, ओरडू नका.

बर्डीवाला
मास्तर तुम्ही आधी मेरीला जिंकवा मग पद्धत शोधा, नागपुरात मतं मिळतील 😜

डावा_हूक
चौकटींची बेरीज चालेल, पण त्या आधी १०-८ द्यायची सवय लावा, नाहीतर बेरीज करून पण तेच. आणि अजून एक, टीव्हीवर पाहून जजला शिव्या देणाऱ्यांसाठी. तुम्हाला उंचावरून कॅमेरा दिसतो, कॉमेंट्रीवाला ओरडून सांगतो की लागला लागला, स्लो मोशन येतो. जज रिंगच्या एका बाजूला खाली बसलेला असतो, अर्धा वेळ त्याच्यासमोर एका बॉक्सरची पाठ असते. ग्लोव्हवर अडलेला ठोसा मागून लागल्यासारखाच दिसतो. पुढच्या फाईटला आवाज बंद करा, राउंड संपला की लगेच कागदावर आकडा लिहा, स्क्रीनवर स्कोर यायच्या आधी. टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये तो राउंडनंतर दाखवतात, आणि त्यामुळे एक नवीनच भानगड झाली आहे, दोन राउंड पुढे असलेला तिसऱ्यात नुसता पळतो. त्यावर बोलायचं तर वेगळा धागा काढा, मला सकाळी पाचला ग्राउंडवर जायचं आहे.