कोळशाची भट्टी: जाळी सारखी बुजती, काय करावं?

खुरपं_विळा (औसा)
राम राम मंडळी. पेरणीच्या तोंडावर लोहाराकडं नंबर लागत नाही म्हणून शेडातच छोटी भट्टी केलीय, खुरपी-विळे शेवटायला, म्हंजे तापवून ठोकून धार काढायला, आन वखराची पास (पातं) ठोकायला. भंगारातून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला, खालून दोन इंची पाईप, त्यावर सळईची जाळी वेल्ड केली आन छोटा ब्लोअर. पेटती झकास, पण पाऊण तासात जाळीवर काचेसारखा किट धरतो, हवा बंद, सगळा जाळ उपसा आन परत पेटवा. सळया पण वाकल्यात, ही दुसरी जाळी. सारखं मागं लागणार नाही अशी भट्टी कशी करावी? कोळसा दगडीच हाय, चंद्रपूरकडचा.

ऐरणीवरचा
जाळी काढूनच टाका भाऊ. तिकडच्या कोळशात राख लई असती, ती वितळून खाली उतरती आन हवेच्या तोंडाशी गार होऊन थिजती, तोच तुमचा किट. हवा खालून दिली की तोंड बुजणारच. आमच्या आज्याच्या भट्टीत भात्याची नळी बाजूनंच आडवी यायची, जाळी कुणी बघितली होती! जाड काळा पाईप घ्या, भोक पाऊण ते एक इंच, नळीखाली तीन-चार इंच खोलगा सोडा, किट त्यात साठतो. मग हवा बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, तो भाकरीसारखा धरतो, आकड्यानं अख्खा उचलायचा, वरचा जाळ मोडत नाही. नळीचं टोक जळणारच, म्हणून पाईप दोन फुटी ठेवा, झिजलं की इंचभर पुढं सारा.

भंगार_दादा
ड्रम फेकू नका, कड्याला चालतो. पाईप मात्र पांढरा जीआयचा नको, त्यावरचं जस्त जळतं. मी एकदा घातला होता, संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, वाटलं मलेरियाच. आन सिमेंटचं अस्तर करू नका, तापलं की टवके उडतात, डोळ्याला लागलं तर काय घ्या.

खुरपं_विळा
मग अस्तर कशाचं? काळी माती चालंल का, रानात रग्गड हाय.

ऐरणीवरचा
काळी नको, वाळली की तिला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडतात. धाब्याच्या घरावर टाकतात ती पांढरी माती, चाळलेली राख आन बारीक वाळू, घट्ट मळून दोन बोटं लावा. सावलीत आठवडाभर वाळू द्या. घाई केली तर पापुद्रे सुटतात.

खुरपं_विळा
दहा दिवसांनी सांगायलो. आडवी नळी केली, आज दोन तास जाळ एकदाही मोडला नाही, किटाची एकच पोळी निघाली तळहाताएवढी. पण मधी चहाला गेलो, येऊन ब्लोअर लावला तर नळीत असा फाट्‌कन आवाज झाला की म्हातारी बाहेर पळत आली.

ऐरणीवरचा
हवा थांबली की कोळशाचा गॅस नळीत मागं येतो, तो पेटला. ब्लोअरच्या पुढं पाईपला टी (तीन तोंडाचा जोड) लावून मोकळ्या तोंडाला झाकण ठेवा, थांबताना उघडायचं. नाहीतर हवा अगदी बारीक चालू ठेवूनच चहाला जात जा.

भंगार_दादा
आन रोज राख काढत जा, ओली झाली की ड्रम खाती. म्हातारीला काय झालं नाही ना?

खुरपं_विळा
काय नाही. फक्त आता चहा शेडातच आणून देती.