लहान परसात सेंद्रिय भाज्या-फळं : तुमचे अनुभव लिहा

घरामागच्या दोन-चार वाफ्यांत रासायनिक खतं-औषधं न वापरता काय जमतं, काय फसतं आणि का, ते मापांसकट लिहा. "शेणखत भरपूर घाला" एवढ्यावर नवख्याचं भागत नाही.

*

वाफा चार फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला की मातीवर पाय पडत नाही. भिंतीलगत दोनच फूट. फळभाज्यांना सहा तास ऊन हवंच. पालक, कोथिंबीर तीन-चार तासांवर येतात.

*

कंपोस्टला ओल्या कचऱ्याच्या एका बादलीमागे सुक्या पाल्याच्या दोन-तीन बादल्या. मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा. नाकात झोंबणारा वास म्हणजे पाला कमी. कुजका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी, ढीग उलथा. अर्धकच्चं खत मातीत मिसळू नका. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात.

*

वेलाची फळं बोटभर होऊन पिवळी पडतात, गळतात, आणि लोक खत वाढवतात! बहुतेकदा परागीभवनच झालेलं नसतं. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, नराचा देठ नुसता. नर फूल तोडा, पाकळ्या काढा, पराग मादीच्या मधोमध हलके टेकवा. वेळ मात्र सांभाळा: काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी नऊच्या आत, दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं काम तेव्हाच.

*

टोमॅटोचं बूड काळं, खोलगट होणं हा संसर्ग नव्हे. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, आणि बहुधा कारण असतं कधी कोरडं, कधी चिंब असं पाणी. दोन-तीन इंच पाल्याचं आच्छादन घाला, खोडालगत दोन बोटं जागा सोडून. अंड्याच्या टरफलांचा भुगा विरघळायला फार वेळ घेतो, लागलेल्या फळांना त्याचा उपयोग नाही.

*

माव्यासाठी (रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी) लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल. तेल आधी एक-दोन मिली द्रवसाबणात घोटा, मग पाणी. नाहीतर ते वर तरंगतं आणि पंपाच्या तळाशी उरलेल्या फवाऱ्यात सगळं एकदम येऊन पानं करपतात. संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूने फवारा. उरलेलं दुसऱ्या दिवशी नको.

*

फवारताना उमललेली फुलं टाळा, मधमाश्या वाचवायला हव्यात. आणि कलमी लिंबाच्या जोडाखालून आलेले धुमारे कोवळे असतानाच मोडा. ते खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचे असतात, वाढले की वरचं कलम दबतं.